नाव घेऊन येतो

आमच्याकडे नावेला कोणी नाव म्हणत नाही. डोंगा म्हणतात. नाव म्हणजे माणसाचं नाव, आणि नवऱ्याचं असेल तर बायकोनं ते घ्यायचं नसतं. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. हे मला आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. नवऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आमचं गाव तापीच्या उत्तर काठावर, प्रकाशा गावाच्या थोडं खाली. माझं माहेर लोणखेड्याचं. तिथली गोमाई उन्हाळ्यात घोटाभर, त्यामुळे मांजराला येतं तेवढंच पोहणं मला येत होतं. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी आमचे हे सुरतेला जाऊन गलबतावर चढले. मालदीव, लंका, जंगबार अशी बेटं फिरत होते म्हणे. मी इकडे शेण थापत होते. सहा वर्षांत मी त्यांचा चेहराही विसरले. आठवत होते ते फक्त कान. मुंडावळ्यांच्या बाजूला एवढे मोठे कान, ते कोण विसरेल?

घरात सासूबाई आणि मी. सासरे नव्हते. ते गावचा उतारूंचा डोंगा चालवायचे, आणि एका पुरात डोंग्यासकट गेले. सासूबाई तेव्हा काठावरच उभ्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्या बोलत नसत. सासऱ्यांचं नाव एका वारावरून ठेवलेलं, आमच्याकडे तशी नावं पुष्कळ. म्हणून सासूबाई त्या वाराचंही नाव घेत नसत. ‘बाजारना आदला दिन’ म्हणायच्या. उपास बाजाराच्या आदल्या दिवसाचा, न्हाणं बाजाराच्या आदल्या दिवशी. एकदा बाजाराचा दिवस बदलला, तेव्हा आमच्या घराचं पंचांग महिनाभर कोलमडलं.

सहाव्या वर्षी संक्रांतीनंतर पोस्टकार्ड आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचलं: ‘नाव घेऊन येतो. वाट पाहा.’ एवढंच.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “मन्हा आंडोर नाव लिसनी ई ऱ्हायना,” म्हणाल्या, आणि गावभर सांगून आल्या. पोरानं नाव कमावलं. कोणी म्हणालं साहेबानं पदवी दिली असेल, कोणी म्हणालं घोडाही देतात सोबत. मास्तरांना खरं काय ते समजलं असावं, पण गावाचा आनंद बघून त्यांनी तोंड मिटलं. दाराला तोरण लागलं. मला नवं लुगडं मिळालं, ते मात्र मी सोडलं नाही.

आणि चौथ्या दिवशी पलीकडच्या काठावर दोन बैलगाड्या एकामागे एक बांधलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यावर आडवा एक लांबलचक डोंगा. सुरतेहून मालगाडीनं नंदुरबारला, तिथून गाड्यांवर. डोंग्याच्या टोकावर आमचे हे उभे. कान ओळखले मी. डोंगा पाण्यात उतरला, शीड चढलं, आणि अख्ख्या गावासमोर सरसर अलीकडे आला. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे झाल्या, डोंग्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

“हाऊ तं डोंगा शे,” त्या म्हणाल्या. “नाव कोठे शे?”

यांनी अभिमानानं डोंग्यावर हात थोपटला. मग लोखंडी नांगर उचलून दाखवला, तर सासूबाईंनी बैल कुठे आहेत ते विचारलं. पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी यांनी मला सरळ सांगितलं. गलबताच्या मालकानं नारळी पुनवेपर्यंत यांची जागा राखून ठेवली होती. तोवर तापीत करमलं तर राहणार, नाही करमलं तर पुन्हा गलबतावर. “तू संगे ये,” म्हणाले. मी पाण्याला भीत होते, पण सहा वर्षं शेण थापण्याला त्याहून भीत होते. त्यामुळे होळी झाली आणि मी बोचकं घेऊन डोंग्यात चढले. मला नवरा हवा होता, नदी काय, ती पदरात पडली.

तर आमचा संसार असा. उन्हाळ्यात तापीचं पाणी उतरतं, आणि मधे वाळूची बेटं उघडी पडतात. लोक तिथे झोपड्या टाकून टरबुजं लावतात. आम्ही ती टरबुजं काठावर पोचवायची आणि डोंग्यातच राहायचं. वारा सुरतेकडून येतो, पाणी सुरतेकडे जातं. म्हणजे जाताना शीड, येताना प्रवाह, हात हलवायची गरज नाही. गावाला आमचा राग आला तो याचाच. घाम न गाळता कोणी पोट भरतं हे आमच्या गावात खपत नाही.

यांनी बेटांना नावं ठेवली. सगळ्यात मोठं, टरबुजांचं, ती लंका. बाभळीचं ते जंगबार. लहानसं, नुसत्या वाळूचं, ते मालदीव. तिथे यांनी सुरतेहून आणलेला नारळ पुरला आणि मला रोज पाणी घालायला लावलं. महिनाभर मी घातलं. मग कळलं की पुरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तो नारळ उकरून देवापुढे फोडला होता. खोबरं मीही खाल्लं होतं, चटणीत.

शिडाचीही एक कथा आहे. नंदुरबारला गाड्या मिळेपर्यंत डोंगा एका मारवाडी शेठच्या वखारीत पडून होता, आणि त्यांच्या माणसांनी आयतं कापड दिसतंय म्हणून शिडावर मिरची वाळवली. मग ते शीड कितीही धुवा. वारा जोरात आला की मिरचीची भुकटी उडायची. आम्ही कुठे आहोत हे गावाला बघावं लागत नसे, काठावर बायका शिंकायला लागल्या की कळायचं.

भांडण एकाच गोष्टीवरून. डोंग्यावर हे म्हणायचे, “आठे मी तांडेल, डोंगाना म्होरक्या. तांडेलले नाव लिसनी हाक मारतस.” मी म्हणायचे, जीभ झडली तरी नाही. आमच्याकडे सगळ्या बायका नवऱ्याला एकच हाक मारतात, ‘ओ, आयका ना.’ मी तीच मारायचे. हे म्हणायचे, वाऱ्यात ‘ओ’ कोणालाही लागतो, नाव एकालाच लागतं. लागू दे, मी म्हणायचे. आयुष्य तर कमी होत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीची गोष्ट. दुपारची वेळ. हे लंकेवर उतरून टरबूजवाल्यांच्या एका रिकाम्या झोपडीत झोपले होते. मी डोंग्यात वाळूच्या पेटीवर चूल मांडून भाकरी टाकत होते. डोंग्याचा दोर मीच बांधला होता, म्हैस बांधतात तसा. म्हैस उभी राहते म्हणून ती गाठ टिकते, हे मला त्या दिवशी समजलं. शीड वाळत घातलेलं, त्या दिवशी वारा उलटा, गावाकडे, ते फुगलं, दोर सुटला, आणि मी भाकरीसकट निघाले.

मी उभी राहिले आणि सगळा जीव घशात आणून ओरडले, “ओ, आयका ना.”

लंकेवर झोपड्या बारा. त्यांतून अकरा नवरे बाहेर आले. प्रत्येकाला वाटलं आपलीच बोलावतेय, काय चुकलं आता. दोघे तर घाबरून तसेच पाण्यात शिरले. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून विचारतो, “कोनता नवरा पायजे वं बहीण? आठे अकरा शेतस.” बारावे, माझे, आत घोरत होते. गलबतावर दिवसभर ‘ओ, ओ’च चालतं, त्या हाकेला त्यांचे कान मेलेले. एवढे मोठे कान, काय उपयोग?

डोंगा गेला तो थेट घाटावर. तिथे बायका धुणं धूत होत्या. आधी शिंका सुरू झाल्या, मग मी पोचले आणि चिखलात रुतले. तोवर भाकरी उलटवली होती मी, खोटं का सांगू. करपू दिली नाही.

हे तासाभरानं काठाकाठानं चालत आले. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. तोंड पांढरं पडलं होतं. “खाले खडक शेतस,” म्हणाले. “तू नाव लेती तं मी पहिल्या हाकेले उठता.”

“आयुष्य कमी होतं,” मी म्हटलं.

“कोनं?” ते म्हणाले. “मन्हं का तुन्हं?”

मी चिडले आणि आठ दिवस बोलले नाही. मग आखाजी आली, झोके झाले, बोललो. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. रोज संध्याकाळी वारा पडायचा आणि डोंगा आपला आपण गावाकडे वाहत यायचा, आम्ही दोघं टरबुजाच्या बिया पाण्यात थुंकत बसायचो. कोणाची लांब जाते बघायला. माझीच जायची.

पावसाळा लागला. लंका बुडाली, जंगबार बुडालं. डोंगा काठावर ओढून पालथा घातला. हे घरात बसले आणि घर यांना पुरेना. दिवसभर उंबऱ्यात बसून पूर बघायचे. नारळी पुनव जवळ आली, मालकाचं पत्र आलं. यांनी पेटी भरली, हळूहळू, एक एक कपडा, माझ्याकडे बघत. मला कळत होतं, मी ‘राहा’ म्हणायची वाट बघताहेत. पण मी का म्हणू? सहा वर्षं ठेवून गेलेला माणूस. स्वतःहून राहील तर खरा, असं माझं डोकं चालायचं. गाढवाचं डोकं, दुसरं काय.

पोचवायला मी नंदुरबारपर्यंत गेले. निघताना सासूबाईंनी मला दारात धरलं. “जीभ शे का नही तुले?” एवढंच बोलल्या. प्रकाशाच्या मोठ्या डोंग्यानं पलीकडे उतरलो, मग आठ कोस बैलगाडीत आम्ही दोघं गप्प. बैलांनीच काय ते आवाज केले.

स्टेशनावर गाडी आली. हे चढले, पेटी वर ठेवली, खिडकी मिळाली नाही, आत गर्दीत कुठेतरी बसले. मी फलाटावर. शिट्टी झाली. गाडी हलली, आणि माझं अवसान गळालं. मी ओरडले, “ओ, आयका ना.”

सगळ्या डब्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. पगडीवाले, टोपीवाले, बोडके, एक तर दाढीला साबण लावलेला. तेवढे नवरे मी जन्मात पाहिले नव्हते. त्यांत ते कान नव्हते. गाडी पुढे सरकत होती आणि मी सोबत पळत होते, आणि पळता पळता मला कळून चुकलं की आता एकच हाक उरली आहे. आयुष्य कमी होईल. होऊ दे. कमी होऊन जे उरेल ते माझ्यासमोर जाईल. सुरतेच्या पलीकडे शंभर वर्षं जगलेला नवरा मला काय करायचा होता?

मी नाव घेतलं. फलाटावरचे हमाल थांबले, एवढ्या मोठ्यानं घेतलं.

पाठीमागच्या डब्याच्या दारात कान दिसले, मग बाकीचे हे. उडी मारली, मिरच्यांच्या पोत्यांवर पडले, शिंकत उठले. पेटी सुरतेला गेली, ती आजतागायत आली नाही.

परतताना बैलगाडीत म्हणाले, “परत नाव ले ना मन्हं.” मी म्हटलं, “ओ, आयका ना. गप बसा.”

घरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात जात्याशी बसल्या होत्या. हे पालथा डोंगा बघायला नदीकडे गेले, तसं त्यांनी मला जवळ बसवलं.

“कसा उतरना वं तो?”

मी सांगितलं. नाव घेतलं म्हणून. वाटलं आता जात्याचा खुंटा डोक्यात बसतो. त्या नदीकडे बघू लागल्या. पूर होता, तांबडं पाणी, सासरे गेले तेव्हाही असंच असणार, आणि काठावरून सासूबाईंची हाकही ‘ओ, आयका ना’च असणार. मग त्यांनी विचारलं, “तो पहिल्या हाकेले उतरना?”

“नावाच्या पहिल्या हाकेला,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पदरानं डोळे पुसले, दाणे जात्यात टाकले. “आज कोनता वार शे?” म्हणाल्या. मी म्हटलं, बाजाराचा आदला. त्यांनी पुन्हा मान हलवली, नाही म्हणून, आणि नदीकडे तोंड करून वाराचं नाव घेतलं. एकदा हळू, मग मोठ्यानं, काठावरून पलीकडे ऐकू जाईल असं.

आमचे हे त्यानंतर चाळीस वर्षं जगले आणि डोंगा चालवत राहिले. तो वार कोणता ते मी इथे लिहीत नाही. सासऱ्यांचं नाव सुनेनं घेऊ नये.