तीन बोटं मागं

अन्याय झाला तो माजलगाव धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी चालवणाऱ्या मिस्तरींवर. झाला गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. भर उजेडात, चारचौघांसमोर. त्या चारचौघांत मीही होतो.

मिस्तरींना तुम्ही पाहिलं असेल तर असंच पाहिलं असेल: पाण्याच्या मधोमध सुकाणूचा दांडा सोडून दोन्ही हात वर केलेले. नवा माणूस होडीत बसला की ते हे करायचेच. माणूस ओरडायचा. होडी मात्र हळूच वाऱ्याकडे तोंड वळवायची, शीड फडफडायचं आणि ती जागच्या जागी थांबायची.

"बघा," मिस्तरी म्हणायचे, "सोडली की थांबती. माणसाला जमतंय का?"

उमेदीची वर्षं त्यांनी कोकणात होड्या बांधण्यात घालवली होती. गावी परतले तेव्हा गावची निम्मी शेतं पाण्यापलीकडे होती. रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडायचा. त्यांनी होडी बांधली, डोलकाठी उभी केली आणि बायामाणसं, गवताचे भारे, शेळ्या यांची ने-आण सुरू केली.

काठी आधी सरळ होती. एकदा फेटा सावरायला त्यांनी दांडा सोडला, तर होडीनं वाऱ्याकडे पाठ केली आणि माणसांसकट जी पळत सुटली ती बुडालेल्या बाभळींत जाऊन अडकली. "लई लाज वाटली त्या दिवशी," ते सांगायचे. मग त्यांनी रोज संध्याकाळी पाच-सहा जणांना हाताशी घेऊन काठीला ताणून धरणारी पुढची दोरी ढिली करायची, मागच्या दोन ताणायच्या, आडव्या फळीतून काठी वर येते तिथं पुढून पाचर ठोकायची आणि काठी एक बोट मागं सारायची. सकाळी फेरी मारून बघायचं. तीन बोटांवर दांडा हातात हलका झाला. चौथ्या बोटावर होडी सारखी वाऱ्यात तोंड घालू लागली, मनगट भरून आलं. परत तीनवर आणली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मासेमारीची एक होडी उलटली तेव्हा मी पत्रक काढलं. पहिली मागणी तरंगत्या जाकिटांची होती, ती आजही बरोबर आहे. चौथी होती: "वाकड्या डोलकाठीच्या होड्यांवर तात्काळ कारवाई करा!" अख्ख्या धरणावर डोलकाठी एकच होती.

मिस्तरींनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "काय बे पत्रकवाले, नाव कावून न्हाई टाकलं माजं? फुकटात गाजलो असतो की."

मग मला होडीत बसवलं. मधोमध गेल्यावर हात वर! मी होडीचे दोन्ही काठ घट्ट धरले. शेजारी शेळी घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "गप बस की रं. माजी शेळी बी भेत न्हाई."

होडी थांबली. मला कळलं. पण पत्रकं वाटून झाली होती.

तपासणीचे साहेब आले ते एका हातात माझं पत्रक आणि दुसऱ्या हातात गवंड्याचा ओळंबा घेऊन. काठी तीन बोटं मागं भरली. "पडायला आलीय ही."

"साहेब, मागं हाय म्हणून तर थांबती. बसा, हात सोडून दावतो."

साहेब बसले नाहीत. बूट नवे होते. त्यांच्या माणसांनी पाचर उपटली, काठी ओळंब्यात आणली आणि कागदावर शेरा पडला: दोष दूर केला. मिस्तरींनी एकदाच माझ्याकडे बघितलं. आपलं पत्रक आपणच कसं खोडायचं, म्हणून मी गप्प राहिलो. गप्प बसणाऱ्यांवर मी भाषणं देतो!

कागदावर शेरा असताना काठी परत मागं घेता येत नव्हती; होडी त्या दिवशी खुंटाला बांधली ती बांधलीच. "सरळ काठीवर बाया न्यायच्या? हात सुटला तर कुटं घिऊन जाईल ती?" दिवाळीनंतर मिस्तरी लेकीकडे पाटोद्याला गेले. जाताना पाचर माझ्या हातावर ठेवली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पत्रकं उडतेत तुजी."

परवा त्यांना भेटून आलो. ओट्यावर बसले होते. वारा सुटला की त्यांचा उजवा हात मांडीवर जरासा पुढं-मागं सरकतो. त्यांना ते ठाऊक नसावं.

"परत चला," मी म्हणालो.

"काठी कशी हाय?"

"सरळच."

"मग न्हाई."

आज बाया पुन्हा वळशाच्या रस्त्यानं चालताहेत. म्हणून हे दुसरं पत्रक. चौथी मागणी माझी होती, ती चूक होती आणि मी ती मागं घेतो. काठी पूर्ववत करायचा अर्ज दिलाय, साहेबांनाही होडीत बसायला बोलावलंय. पाचर माझ्याकडे आहे. ती ठोकणारा माणूस पाटोद्याहून आणायचं काम माझं. पुढची दोरी ढिली करायला दोघं लागतात, मागच्या ताणायला चौघं.

रविवारी सकाळी घाटावर या. सही नको, घोषणा नको. दोरी धरा.