आईच्या खोलीत धूर

तुमच्या आईला तिच्याच खोलीतून कुणी घालवायला निघालं, तर तुम्ही गप्प बसाल?

विल्मा व्हॅन अल्स्टाइनने नको म्हटलं नाही, आणि का नाही ते तिला अजून उमगत नाही. हडसन नदीकाठचं तिचं घर पणजोबांच्याही आधीचं. छप्पर टिकावं म्हणून तिने बैठकीची खोली चित्रकाराला भाड्याने दिली, पोटमाळा योगवाल्यांना. उरली आईची खोली. ती बघायला ब्रिन आली. ही बाई नुसते हात ठेवून लोकांची दुखणी उतरवते.

"खोली छान आहे, पण इथे कुणीतरी राहतंय," ब्रिन म्हणाली. "राहायला येण्याआधी मी सेज नावाच्या झुडपाचा वाळका पाला जाळून धूर करीन. जुनं सगळं निघून जातं."

"आई असेल," विल्मा बोलून गेली. "म्हणजे, नसेल. तिला जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग जाईल की सुखाने."

"ती कुणाचं ऐकणारी नव्हती."

भुताखेतांवर विल्माचा काडीचा विश्वास नाही. तरी करारावर पेन टेकवलं आणि हात अडला. आई नसेलच, तर धुराने काय बिघडतं? आणि असली तर? ब्रिनला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. ही खोली गेली नाही, तर यंदाही छप्पर गळणार.

अंधश्रद्धेवर भाषण कुणीही झोडेल, ते राहू द्या. विल्माने सही करावी की नाही, तेवढं सांगा.