चौथा रकाना

गौरवग्रंथ समितीने माझ्यावर जो अन्याय केला आहे त्याची नोंद आधी व्हावी, गौरव मागाहून. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की, रिबकाबाई सूर्यवंशी यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांच्या हातात तपकिरी छत्री होती. त्यावर समितीचे शिक्क्यानिशी पत्र आले. ‘अन्य सहा लेखकांनी छत्री काळी असल्याचे नमूद केले आहे. ग्रंथात एकवाक्यता राहावी म्हणून आपण रंग दुरुस्त करून द्यावा.’

बाई ज्या खोडीशी जन्मभर भांडल्या, तीच खोडी त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात पहिल्या पानापासून! मी छत्री दुरुस्त करणार नाही. का, ते खाली येईलच.

बाईंची माझी पहिली भेट उदगीरची. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि रविवारी दुपारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात बायबलचा वर्ग घेत. मी नुकताच बी.ए. झालेला, आणि म्हणून देवाच्याही चुका काढायच्या लायकीचा. शुभवर्तमानांतल्या विसंगतींची यादी खिशात घालून मी गेलो ते बाईंना भर वर्गात अडवायलाच.

“येशूच्या कबरेपाशी गेलेल्या बायांबद्दल योहान लिहितो अंधार होता,” मी म्हणालो. “मार्क लिहितो सूर्य उगवला होता. खरं कोण?”

बाईंनी वही उघडली. पट्टीने उभ्या रेघा मारून चार रकाने पाडले: मत्तय, मार्क, लूक, योहान. कोण काय सांगतो ते ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“प्रकाश, तू कधी दूरच्या विहिरीवरून पाणी आणलंस?”

“नाही. आमच्या घरी हातपंप आहे.”

“म्हणून. घरून निघतात तेव्हा अंधार असतो. पोचतात तेव्हा ऊन पडलेलं असतं. एकानं निघाल्याचं लिहिलं, दुसऱ्यानं पोचल्याचं. यात खोटं कोण बोललं?”

मागे गयाबाई बसल्या होत्या. बौद्ध वस्तीतल्या, शास्त्रासाठी नव्हे, सावलीसाठी येत. त्या म्हणाल्या, “हाव, अन् वापस येताना डोस्कं तापतं त्ये तर कुनी लिवलंच न्हाई.”

सगळा वर्ग हसला. माझी यादी खिशातच राहिली.

बाईंचे नियम दोनच. एका रकान्यातले दुसऱ्यात ओतायचे नाही. आणि जे जुळत नाही त्यापुढे सरळ ‘जमलं नाही’ असे लिहायचे. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या मरणाच्या दोन न जुळणाऱ्या हकिकतींपुढे हेच दोन शब्द लाल शाईत होते. एकदा बाहेरगावच्या एका विद्वान उपदेशकांनी त्या दोन हकिकती एका दमात तीन तऱ्हांनी जुळवून दाखवल्या. बाईंनी सगळे शांतपणे ऐकले, म्हणाल्या, “पाहुणे, चहा घ्या,” आणि लाल अक्षरे तशीच ठेवली. अशा बाईंना समितीच्या पत्रकात ‘धर्मग्रंथातील सर्व विसंगती दूर करणाऱ्या’ असे म्हटले आहे. दूर करणाऱ्या! जसे काही बाई झाडू घेऊनच फिरत होत्या.

तो दुष्काळाचा सलग तिसरा उन्हाळा होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब नवे, फक्त पाणी नव्हते. वस्तीच्या बाया पहाटे कोसभर लांबच्या विहिरीवर जात आणि शाळेची घंटा होण्याआधी बाईही त्यांच्याबरोबर जाऊन येत. हातातली छत्री परतीच्या वाटेवर हंडा नसलेल्या हाताने दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर धरलेली. छत्री घेतली तेव्हा ती काळीच होती. मी पाहीपर्यंत तिने तीन उन्हाळे खाल्ले होते. समितीने पत्रावर शिक्का मारण्याआधी एवढे विचारले असते तर भागले असते.

वस्तीला टँकर मंजूर होता, पण यायचा नाही. एके पहाटे बाई बरोबर नव्हत्या तेव्हा विहिरीकडे जाताना तीन बायांनी पाहिले की, तो एका ठेकेदाराच्या वीटभट्टीच्या हौदात रिकामा होतो आहे. गयाबाईंनी एकच माणूस पाहिला, शेवंताबाईंनी दोन. सोजरबाई मागून येत होत्या. त्यांना तीन दिसले. तक्रार झाली. लातूरला चौकशी लागली.

आदल्या दिवशी मी तिघींना गोळा करून शहाणपण शिकवले. “सगळ्याजणी एकच सांगा. माणसं दोन, वेळ उजाडल्यावरची.” बाईंना चिडलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले, ते तेव्हा.

“जिनं जे पाहिलं ते ती सांगेल,” बाई म्हणाल्या. “शेजारणीचे डोळे उसने आणायचे नाहीत. मला अडवायला आला होतास ना? आता तूच त्यांच्याकडून खोटं वदवून राहिलास!”

रात्रीतून त्यांनी वहीत रकाने पाडले. साक्षी तीन होत्या, रकाने चार. सवयीने पाडले असतील असे मी धरून चाललो.

चौकशीत ठेकेदाराच्या चार माणसांनी एकच वाक्य चारदा म्हटले: टँकर सात वाजून दहा मिनिटांनी वस्तीकडे गेला.

गयाबाई उभ्या राहिल्या. “सायेब, चौघांच्या हाताला एकच घड्याळ हाय का?”

साहेब हसले नाहीत. “तुमच्यातली एक म्हणते अंधार, एक म्हणते ऊन. एक माणूस, दोन माणसं, तीन माणसं!”

“तिसरा सायकलवाला व्हता,” सोजरबाई म्हणाल्या. “लांब, लिंबाखाली. सायकल धरून हुबा.”

“वा! आता सायकलही आली.”

बाईंनी वही पुढे ठेवली. गयाबाई विहिरीच्या अंगाला होत्या, तिथून टँकरमागे पाइप धरलेला दुसरा माणूस दिसतच नाही. शेवंताबाई रस्त्याच्या अंगाला होत्या, त्यांना दोघे दिसले. सोजरबाई सगळ्यांत मागून पोचल्या, म्हणून उजेड जास्त. “साहेब, शिकवलेले साक्षीदार एकसारखं बोलतात. पाहिलेले बोलत नाहीत.”

“बायबल देवळात सांगा. एखादा शिकलेला साक्षीदार आहे का?”

खोलीत मी होतो. बी.ए.

त्या पहाटे रोजच्यासारखा पेपरचा गठ्ठा आणायला स्टेशनकडे निघालेला सायकलवाला मीच होतो. लिंबाखाली थांबून मी सगळे पाहिले होते. आणि त्याच कचेरीत, त्याच साहेबांच्या टेबलावर माझा कारकुनीचा अर्ज पडला होता. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. चपला चांगल्या होत्या.

शेरा पडला: ‘जबान्या परस्परविरोधी. तक्रार निकाली.’ पावसापर्यंत टँकर भट्टीवरच गेला. ज्यांच्या बोलण्यात पाठांतर होते ते खरे ठरले, आणि ज्यांच्या डोक्यावर हंडे होते त्या खोट्या! मला आजही त्या शेऱ्याचा संताप येतो, आणि तो निम्मा माझ्या वाट्याचा आहे हे ठाऊक असल्याने जास्तच येतो. सोजरबाईंना गावाने ‘तीनमाणसीण’ हे नाव दिले. नळावर, बाजारात, लग्नात. नोकरी मला लागली. त्या फायलीला सुतळी बांधण्याचे काम माझ्याकडेच आले. मी लातूरला निघालो त्या दिवशी बाई उदगीरच्या स्टँडवर आल्या, हातात भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. “तिथं जे पाहशील ते लिही,” एवढेच म्हणाल्या. चार वर्षांत नोकरी सोडून मी विनोदी लिहू लागलो ते त्या वाक्यामुळे, असे मी भाषणांत सांगतो. लिंबाचे सांगत नाही.

गेल्या महिन्यात या लेखाच्या निमित्ताने बाईंकडे गेलो. मी काही विचारण्याआधीच बाईंनी ती वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीन रकाने भरलेले, चौथा कोरा. आणि सोजरबाईंच्या तिसऱ्या माणसापुढे ‘जमलं नाही’ हे शब्द नव्हते. इतक्या वर्षांत बाईंनी ते लिहिलेच नव्हते. बाईंना ते पहिल्या दिवशीच जमले होते.

“चहा टाकते,” म्हणून बाई आत गेल्या. मी चौथ्या रकान्यात लिहिले: टँकरपाशी माणसे दोन. तिसरा मी, लिंबाखाली, सायकल धरून. वेळ उजाडतानाची. खाली सही केली.

बाई कप घेऊन आल्या. वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

“योहानही सगळ्यांत शेवटी लिहायला बसला,” बाई म्हणाल्या. मग, “सायकल कोणत्या रंगाची?”

“हिरवी.”

“सोजर मरेपर्यंत निळी सांगायची.”

“मग आता?”

“मग काय? तिच्या रकान्यात निळी. तुझ्यात तू लिही.”

बाईंना निरोगी, भरभक्कम आयुष्य लाभो. शंभरी गाठेपर्यंत त्यांची नजर अशीच राहो, म्हणजे आमच्यासारख्यांचे कोरे रकाने त्यांना दिसत राहतील. समितीने छत्री तपकिरी छापावी, शेजारी इतरांची काळीही छापावी.

त्या दिवशी बाईंकडे चहा निवत होता. मी पेन पुन्हा उघडले आणि ‘हिरवी’ असे लिहिले. आता या लेखाची एक प्रत सोजरबाईंच्या मुलाच्या पत्त्यावर वेगळी टपालात टाकतो आहे.