टीचरचा हात

तुमच्या कुर्त्याची बाही दोन बोटांत धरून ती चुरायची आणि विचारायची, "हें कितें गो?" उत्तर तिला नको असायचं. कापड वाईट, शिलाई वाईट आणि ते विकत घेणारी मूर्ख, हे तिने आधीच ठरवलेलं असायचं. अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर सुखी आहात.

डिचोलीत आमच्या वाड्यावर सगळे तिला टीचर म्हणत. नवरा लवकर गेला, तेव्हा शिवणाचे वर्ग घेऊन तिने मुलाला शिकवलं. हे सगळं मला मान्य आहे. तरीही ती मला कधी आवडली नाही.

शिरगावच्या खाणी बंद पडल्या, माझ्या नवऱ्याचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला आणि मी पणजीत नोकरी धरली. रोज घालायला धड काही नव्हतं, नवं घ्यायची ऐपत नव्हती. सासूबाईंनी मला न विचारता टीचरला बोलावलं. आल्या आल्या तिने कपाट उघडून सगळं पलंगावर ओतलं. अंगाला होणारं, न होणारं आणि नुसतंच जपलेलं, असे ढीग लावले. माझं घट्ट झालेलं पोलकं सासूबाईंसमोर उंच धरून म्हणाली, "अंग वाढता, कपाट वाढना." सासूबाई हसल्या.

कापडांची गाठोडी घरी नेऊन काम मात्र तिने चोख केलं. ओटीत आलेल्या साड्यांचे कुर्ते झाले, जुन्या ओढण्या नव्या जोडीला गेल्या, पोलक्यांच्या शिवणी उसवून सैल झाल्या. ऑफिसात कुणाला काही कळलं नाही.

मग एकदा बाजारात एक मुलगी दिसली. तिची आई बेळगावकडची, आमच्याकडे बांधकामावर येणारी. मुलीच्या अंगावर जांभळा परकर, काठावर पिवळे मोर. तो काठ मी कुठेही ओळखला असता. माझी आई गेल्यावर माहेरून, आमोण्याहून मी तिची तेवढी एकच साडी आणली होती. घरी येऊन कपाट उपसलं. साडी नव्हती.

तशीच टीचरच्या दारात गेले. माझ्या आईची साडी कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"मेलेल्या माणसाची कापडा ठेवून कसर कित्याक पोसतस? आता चेडू घालता मगे."

त्या पोरीच्या अंगावरून परकर काढून घेणार होते का मी? टीचरला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. ती दिसली की रस्ता बदलायचे. तिला त्याचं काही वाटल्याचं कधी दिसलं नाही.

गेल्या वर्षी तिची नजर अधू झाली. पुण्याहून मुलगा आणि सून तिला न्यायला आले. सुनेने टीचरचं कपाट उघडलं आणि तिच्या कपड्यांनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या भरायला घेतल्या. फ्लॅटमध्ये एवढी जागा नाही आई, तिथे नवं घेऊ, असं ती गोड आवाजात म्हणत होती. वाडा जमला होता. आता टीचरची जीभ सुटणार म्हणून सगळे थांबले होते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पहिली पिशवी भरेपर्यंत.

टीचर सोप्यावर हात मांडीत घेऊन बसली होती. दुसरी पिशवी भरली, तिसरी उघडली. मला ते बघवेना. पायऱ्या चढून मी सुनेला म्हटलं, "टाकायच्या आधी त्यांना विचारा तरी."

सून थांबली. टीचरने माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"तुका कितें पडलां?"

मी खाली उतरले. थोड्या वेळाने मुलाने तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. गाडी गेली. पिशव्या फाटकाशी रांगेत उभ्या होत्या, आणि कचऱ्याची गाडी यायला अजून अवकाश होता.