देवरामचं बोट आणि अर्धा ग्रॅम

देवराम विठ्ठलवाडीला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने तेहतीस वर्षं वजनकाटे तपासले. निवृत्तीनंतर तो जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करू लागला. सुईचा भार तबकडीवर किती पडतो, हे त्याने कधी मोजलं नाही. सुई बोटाच्या टोकावर टेकवायची, सुई धरणाऱ्या दांडीच्या, म्हणजे आर्मच्या, मागचं वजन जरासं फिरवायचं आणि म्हणायचं, "झालं." आमचा सगळ्यांचा त्या बोटावर भरवसा होता.

दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने त्याची बोटं बधिर झाली. पुढे त्याने लावून दिलेल्या प्लेअरवर माझ्या तबकड्यांमधले वरचे सूर फाटके येऊ लागले. शंका आली, पण मी बोललो नाही. कानच म्हातारे झाले असतील, असं स्वतःला सांगत राहिलो.

शेवटी मार्चमध्ये प्लेअर घेऊन त्याच्याकडे गेलो. सुनेने मागवून दिलेला छोटा डिजिटल काटा पिशवीत होता. तो बाहेर काढायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

"हे काय अण्णा, परीक्षा?"

"नाही रे, सहज."

"घ्याच परीक्षा, भावजी," त्याची बायको गोदा आतून म्हणाली. "कप भाजतोय हेसुद्धा कळत नाही यांना हल्ली."

"चुकलो तर आजपासून काम बंद," देवराम म्हणाला.

त्याने काटा प्लेअरच्या थाळीवर ठेवला आणि सुई त्यावर टेकवली. या सुईला दोन ग्रॅम भार लागतो. आकडा आला १.९८.

मला हायसं वाटलं, आणि संशय घेतल्याची लाजही. देवराम मात्र वाकून बाजूने बघत होता.

"काटा उंच आहे. तबकडी इतकी वर नसते. आर्म उचलला गेला की या प्लेअरमध्ये भार जास्त दिसतो. सुई जिथे वाजते, त्याच उंचीला मोजायला हवं."

"राहू दे ना. आला की बरोबर."

"लोकांचे काटे नापास करत आलो मी, अण्णा."

त्याने थाळी काढली. खाली पुठ्ठ्याचे तुकडे रचून काट्याची वरची बाजू तबकडीच्या उंचीला आणली. दोनदा सगळं घसरलं. काटा शून्यावर आणून त्याने सुई पुन्हा टेकवली. १.४६.

तो खुर्चीत बसला. "बोटाला कमी कळतं, म्हणून भार जास्त होईल या भीतीने राखून लावत होतो. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, आदळत जाते. तुमच्या तबकड्या मीच खराब केल्या."

"माझ्या लक्षात आलं होतं," मी म्हणालो.

"कधी?"

"वर्ष झालं."

त्याने काटा बंद केला. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर बाकीच्यांच्या तरी वाचल्या असत्या."

त्या दोन वर्षांत त्याने सात जणांचे प्लेअर लावून दिले होते. आता दर रविवारी आम्ही दोघं काटा घेऊन भार नीट लावायला एकेका घरी जातो. आल्यावर दोघांचेही पाय दुखतात. दारातच तो सांगतो, भार माझ्याकडून चुकला होता. माझं नाव तो कधीच घेत नाही.

गेल्या रविवारी कोलशेतला चित्राबाईंकडे गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. देवरामला इतका दम लागला होता की त्याला बोलता येईना. मीच म्हणालो, "भार चुकला होता. मला ते कळलं होतं, मी गप्प बसलो."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आधी बसा तरी. पाणी आणते."