काकूंची डाळीची पिशवी

समोरच्या गॅलरीत सुमनकाकू खुर्चीवर बसून, घोट्याला मूगडाळीची पिशवी बांधून पाय उचलायच्या. गुडघा बदलायचं ऑपरेशन जवळ आलं होतं. भेटायला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, बस की आता स्वस्थ. कशाला छळतेस त्या पायाला?"

पाय तसाच उचललेला ठेवून काकू म्हणाल्या, "गुडघा नवा मिळेल गं. मांडी हीच राहणार आहे."

ऑपरेशन ठरलं की आपण माणसाला अंथरुणात घालतो. जणू त्याचं काम संपलं, उरलं ते डॉक्टरांचं. मायेनेच करतो, पण त्या मायेत त्याच्या अंगातलं बळ जातं.

काकूंनी ते जाऊ दिलं नाही. ऑपरेशननंतर आज त्या वॉकर धरून गॅलरीत आल्या. नणंद आधाराला धावली. काकूंनी तिला खुर्ची दाखवली.

"आता तू बस."