रिपोर्टच्या चौकटीतलं भगदाड

पडेगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट मी सांभाळते. पेशंटनं तिथल्या चौकटीत नंबर टाकला की त्याचा रिपोर्ट दिसतो. एकदा मी नंबरच्या जागी, सगळे रिपोर्ट साठवलेल्या डेटाबेसला द्यायची छोटीशी आज्ञा टाइप केली, तर सगळ्यांचेच रिपोर्ट समोर आले.

ऑफिसात आमच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "डेटाबेस क्लाउड कंपनीच्या सर्व्हरवर हाय ना? मग राखण ती कंपनी करती."

"साहेब, हे पान आपण लिहिलंय. त्यातली चूक कंपनी कशी बघणार?"

त्यांना पटेना. वेबसाइटला त्यांनी घाईत डेटाबेसचं सगळ्यात वरच्या अधिकाराचं, काहीही बदलता येणारं खातं जोडायला लावलं होतं. मग मी त्यांच्यासमोर त्याच चौकटीतून स्वतःसाठी तसंच एक खातं उघडून दाखवलं.

साहेब लई भडकले. "पण तू असलं टाइप केलंसच कशाला? पेशंट थोडेच करणारेत!"

मी ते खातं पुसलं, चौकट दुरुस्त केली आणि वेबसाइटला फक्त रिपोर्ट वाचण्यापुरते अधिकार ठेवले. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, नवे रिपोर्ट चढत नव्हते. तेही काम वेबसाइटच्याच खात्यावरून चालायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लॅबला वेगळं खातं दिलं, तासाभरात सुरळीत झालं.

साहेब मात्र अजून येईल त्याला सांगतात, "चांगलं चाललेलं हिनं बंद पाडलं."